रिकाम्या सरोवराची वहिवाट

१

मार्क ट्वेनचे 'रफिंग इट' हे पुस्तक १८७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील बाविसावे आणि तेविसावे ही दोन प्रकरणे टाहो सरोवराविषयी आहेत. ट्वेनच्या निसर्गवर्णनाचा विषय निघाला की या प्रकरणांचा उल्लेख सहसा टळत नाही, आणि तो मान त्यांना योग्यच मिळालेला आहे. पंचवीस वर्षांचा सॅम्युएल क्लेमेन्स (ट्वेन हे नाव त्याने अजून घेतलेले नव्हते) थोरल्या भावाबरोबर कार्सन सिटीला आला आहे. भावाची नेमणूक नव्याने स्थापन झालेल्या नेवाडा प्रांताचा सचिव म्हणून झालेली आहे. ऑगस्ट १८६१ च्या अखेरीस एका मित्राला घेऊन हा तरुण पायी डोंगर चढतो आणि सरोवरावर पोहोचतो. पाणी इतके नितळ, की होडीत बसल्यावर आपण अधांतरी तरंगत आहोत असे वाटावे. दोघे मित्र पाइनच्या जंगलाचा सुमारे तीनशे एकरांचा तुकडा हेरतात, एका झाडावर आपल्या हक्काची नोटीस चिकटवतात आणि दोनतीन आठवडे तिथे मजेत राहतात. या मुदतीत आम्हा दोघांखेरीज दुसरा माणूस दिसला नाही, असे ट्वेन सांगतो.

या लेखात मला मुख्यतः या एका विधानाविषयी बोलायचे आहे. ते खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. ट्वेनला कोणी दिसले नसेल. पण न दिसलेली माणसे त्या वेळी कुठे होती, या प्रश्नाचे उत्तर मानववंशशास्त्राच्या ग्रंथांत नोंदलेले आहे, आणि ते उत्तर हाताशी धरून ट्वेन पुन्हा वाचला तर त्या सुंदर प्रकरणांचा अर्थ बदलतो. त्याहून महत्त्वाचे असे की, सरोवर रिकामे असल्याचा जो समज या प्रकरणांतून वाचकाच्या मनात राहतो, तोच समज पुढे शंभर वर्षे एका लहान जमातीच्या विरोधात कामाला आला. ती जमात म्हणजे वॉशो.

माझे शिक्षण विद्यापीठात कमी आणि ग्रंथालयांत अधिक झाले. वॉशोंकडे मी वळलो तो ट्वेनच्या वाचनातूनच. त्यामुळे हा लेख वॉशोंचा समग्र परिचय नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले, त्याचे हे वाचन आहे.

२

वॉशो स्वतःला 'वाशिव' म्हणवतात. 'इथली माणसे' असा त्याचा अर्थ जमातीचे लोक सांगतात. सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेकडील खोरी, उत्तरेस हनी सरोवरापासून दक्षिणेस सोनोरा खिंडीपर्यंत, ही त्यांची भूमी. आज तिचा काही भाग नेवाडा राज्यात आणि काही कॅलिफोर्नियात आहे. तिच्या मध्यभागी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर टाहो सरोवर आहे. 'टाहो' हे नावदेखील 'सरोवर' या अर्थाच्या वॉशो शब्दाचेच बदललेले रूप आहे. उत्तरेकडचे वेलमेलती, पूर्वेच्या कार्सन खोऱ्यातले पावालू, दक्षिणेकडचे हंगालेल्ती असे त्यांचे प्रादेशिक गट. त्यांची भाषा शेजारच्या पायूट लोकांच्या भाषेशी नाते सांगत नाही. भाषाशास्त्रज्ञ तिला बहुधा एकाकी भाषा मानतात. इतक्या लहान समाजाची, चारही बाजूंनी वेगळ्या भाषांनी वेढलेली भाषा टिकून राहते, तेव्हा तो समाज त्या जागी दीर्घकाळ मुळावलेला असणार, असा तर्क करणे गैर नाही.

त्यांचे वर्ष सरोवरापासून सुरू होई. हिवाळा खालच्या खोऱ्यांत, झाडांच्या साली आणि फळ्या रचून बांधलेल्या घरांत काढायचा. वसंताच्या आरंभी साठवण संपत आलेली असे. तेव्हा डोंगरावर बर्फ असतानाच तरुण मंडळी पुढे सरोवराकडे जात, मासे पकडत आणि खाली थांबलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी घेऊन येत. बर्फ वितळला की बाकीची कुटुंबे वर चढत. सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांमध्ये ट्राउट मासे अंडी घालायला चढायचे, आणि अमुक ओढ्याच्या काठी अमुक कुटुंबांचा तळ हे ठरलेले असे. उन्हाळाभर मासेमारी, कंदमुळे, बिया, बोरासारखी रानफळे. पश्चिम उतारावर जाऊन ओकची फळे आणणे किंवा शेजाऱ्यांकडून ती बदल्यात घेणे हेही चाले.

उन्हाळा सरू लागला की वाटा उलट दिशेने वळत. सरोवराच्या पूर्वेला, कार्सन खोऱ्याच्या पलीकडे कोरड्या डोंगरांची एक रांग आहे. तिथे पिन्यॉन पाइनची झाडे आहेत. आपल्याकडे सुक्या मेव्याच्या दुकानात जे चिलगोजे मिळतात, त्याच जातकुळीचे त्यांचे बी. या बियांचे पीक शरद ऋतूत येई आणि हिवाळ्याची सारी भिस्त त्यावर असे. लांब काठ्यांनी शंकू पाडायचे, बिया काढायच्या, पसरट टोपलीत निखाऱ्यांबरोबर उडवून भाजायच्या, टरफले फोडून पाखडायच्या, दळायच्या आणि त्यांची पेज करायची. पीक हाती घेण्याआधी प्रार्थना, स्नान आणि नृत्य यांचा मोठा विधी होई. त्याला 'गुमसाबाय' म्हणतात. विधी होण्याआधी वेचणीला हात घालायचा नाही, ही शिस्त होती. पाइनच्या डोंगरात कुटुंबांचे हिस्से ठरलेले होते आणि त्यांच्या सीमा सर्वांना माहीत असत. त्यानंतर नोव्हेंबरच्या सुमारास सशांचा हाका. खोऱ्यात लांब जाळी लावून, एका अनुभवी म्होरक्याच्या देखरेखीखाली अनेक कुटुंबे मिळून ससे हाकत. मांस खायला आणि कातड्यांच्या पट्ट्या पिळून विणलेली घोंगडी पांघरायला. मग पुन्हा हिवाळ्याची घरे.

सगळी कुटुंबे दरवर्षी अगदी याच वाटेने जात असे नाही. काही खोऱ्यांतच राहत, काही पश्चिमेकडे अधिक काळ काढत. पण सर्वसाधारण क्रम हाच होता, आणि तो जेम्स डाउन्स, वॉरन डाझेव्हेडो यांच्यासारख्या अभ्यासकांनी वॉशो वृद्धांकडून तपशीलवार टिपून ठेवला आहे.

आता ट्वेनची तारीख पुन्हा पाहा. ऑगस्टची अखेर, आणि मग सप्टेंबर. वॉशो कुटुंबे पाइनच्या डोंगरांकडे निघण्याचा हा काळ. सुगीच्या दिवसांत एखाद्या घराला कुलूप दिसले तर घर ओस पडले असे कोणी म्हणत नाही, माणसे शेतावर गेली आहेत असे म्हणतात. ट्वेनने पाहिलेले रिकामेपण हे मला त्या जागेपेक्षा त्या महिन्याचे वाटते.

३

त्या दोन प्रकरणांतला विनोदी भाग कोणता, तर जमिनीवरचा हक्क टिकवण्यासाठी दोघा मित्रांनी केलेली खटपट. हक्क टिकवायचा तर कुंपण हवे. कुंपण म्हणजे झाडे अशी पाडायची की त्यांचा साधारण वेढा तयार व्हावा. दोघांनी तीनतीन झाडे तोडली, दमले आणि तेवढ्यावर काम थांबवले. मग घर हवे. प्रथम ओंडक्यांचे भक्कम घर बांधायचे ठरले, नंतर बारीक खोडांचे, आणि शेवटी फांद्यापाल्याचे. तेही अर्धवटच. ते घर इतके साधले की वळून पाहिल्यावर आजूबाजूच्या झुडपांतून ओळखू येईना. रात्री ते त्यात झोपलेही नाहीत. ट्वेन हे सगळे स्वतःवरच हसत सांगतो, आणि वाचकही मनापासून हसतो.

मात्र या हसण्याखाली एक हिशेब आहे. ज्या काठावर दोन परक्या तरुणांची फांद्यांची खोपी तीनशे एकरांवर हक्क सांगायला पुरेशी ठरू शकते, त्याच काठावर पिढ्यान्‌पिढ्या दर उन्हाळ्यात उभ्या राहणाऱ्या फांद्यांच्या खोप्यांना काहीच किंमत नाही. बांधणी सारखीच, साहित्यही तेच. फरक एवढाच, की एका खोपीबरोबर झाडाला चिकटवलेला कागद आहे.

आपल्या महसुली भाषेत 'वहिवाट' हा एक फार नेमका शब्द आहे. मालकीचा कागद एकीकडे. प्रत्यक्षात वाट कोण चालते, पाणी कोण भरते, फळ कोण उतरवते हे दुसरीकडे. ही दुसरी गोष्ट म्हणजे वहिवाट, आणि गावगाड्यात तिला वजन असते. वॉशोंचे जीवन मराठीत सांगायचे झाले तर 'भटके' हा शब्द चटकन ओठांवर येतो. परदेशांतील शिकार-वेचणी करणाऱ्या समाजांविषयी आपण सरसकट तोच वापरतो. माझ्या मते इथे तो चुकीचा आहे. भटकणाऱ्याला उद्याचा मुक्काम माहीत नसतो. वॉशो कुटुंबाला पुढच्या वर्षी कोणत्या ओढ्याकाठी बसायचे आणि कोणत्या डोंगराच्या कोणत्या हिश्शात काठी मारायची हे माहीत होते. इतकेच नव्हे, पिन्यॉनचा शंकू पिकायला दोन वर्षे लागतात, त्यामुळे पुढच्या वर्षी कुठे पीक धरेल याचा अंदाज आदल्या वर्षीच झाडाकडे पाहून करता येई. या जीवनाला वहिवाट म्हणावे.

ट्वेनला इंडियन लोक दिसतच नव्हते असे मात्र नाही. याच पुस्तकाच्या एकोणिसाव्या प्रकरणात त्याने वाळवंटातल्या गोशूट लोकांविषयी कमालीच्या तुच्छतेने लिहिले आहे. त्याआधी १८६९ च्या 'द इनोसंट्स अब्रॉड'मध्ये इटलीतील एका सरोवराशी टाहोची तुलना करता करता तो 'टाहो' या नावावरच घसरला. त्याचा अर्थ टोळांचे कालवण असा होतो, असे त्याने थट्टेने ठोकून दिले. अर्थात तो अर्थ खरा नाही. या दोन उल्लेखांबरोबर टाहोची प्रकरणे ठेवली की एक आकृती दिसते. माणूस समोर आला तर तो हीन, त्याचा शब्द कानावर आला तर तो हास्यास्पद, आणि जिथे तो दिसत नाही ती जागा स्वर्ग. ट्वेनची गोशूटांवरची टीका आज अनेकांना खटकते. मला स्वर्गाचे वर्णन अधिक घातक वाटते, कारण ते सुंदर आहे आणि त्यात कोणाविषयी एकही वाईट शब्द नाही.

प्रकरणाचा शेवटही ध्यानात घेण्याजोगा आहे. स्वयंपाकासाठी पेटवलेली आग हाताबाहेर जाते, डोंगर पेटतो, आणि दोघे मित्र होडीत बसून ते दृश्य पाहत राहतात. पाण्यात पडलेल्या ज्वाळांच्या प्रतिबिंबाचे वर्णन अप्रतिम आहे. ते जंगल कोणाचे होते हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. रिकाम्या जागेला लागलेल्या आगीत कोणाचे नुकसान होत नसते.

४

पुढे जे घडले ते थोडक्यात असे. १८५९ मध्ये कॉमस्टॉकची चांदी सापडली आणि व्हर्जिनिया सिटी उभी राहिली. त्या खाणींच्या प्रदेशालाच वर्तमानपत्रे 'वॉशो' म्हणू लागली. म्हणजे लोक बाजूला पडले आणि त्यांचे नाव चांदीला मिळाले. खाणींच्या भुयारांना आधार द्यायला लाकूड हवे होते, ते टाहोच्या काठावरून आले. लाकूड कंपन्यांनी पाण्याच्या पन्हळी बांधून ओंडके डोंगराखाली उतरवले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सरोवराभोवतीचे बरेचसे जुने जंगल संपले. पिन्यॉनची झाडेही सरपणासाठी आणि कोळशासाठी तुटली. मासे बाजारासाठी मोठ्या प्रमाणावर पकडले गेले, ओढे गाळाने आणि बांधांनी बिघडले, बाहेरच्या जातींचे मासे सोडण्यात आले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत टाहोतला मूळचा लाहोन्टन कटथ्रोट ट्राउट नाहीसा झाला.

वॉशोंशी अमेरिकन सरकारने कोणताही तह केला नाही. युद्ध झाले नाही, म्हणून तहही नाही, आणि तह नाही म्हणून राखीव भूमीही नाही. शांत राहण्याची ही किंमत होती. १८९० च्या दशकाच्या आरंभी कॅप्टन जिम आणि दुभाषा डिक बेंडर हे पाइनची झाडे आणि मासे यांविषयीचे गाऱ्हाणे घेऊन वॉशिंग्टनला गेले. १८८७ च्या वाटप कायद्याखाली वॉशोंना पाइनच्या डोंगरांत वैयक्तिक तुकडे मिळाले, बहुतेक कोरडे आणि बिनपाण्याचे. सरोवराचा काठ मिळाला नाही. १९१७ मध्ये एका जमीनदाराने दिलेल्या चाळीस एकरांवर ड्रेसलरव्हिल ही वसाहत उभी राहिली. चाळीस एकर, एका पूर्ण वस्तीसाठी. ट्वेन आणि त्याच्या मित्राने सहा झाडे पाडून सांगितलेला हक्क तीनशे एकरांचा होता, हा आकडा इथे आठवावा.

५

या काळात बाहेरच्या जगाला एकच वॉशो व्यक्ती नावाने माहीत होती. दात सो ला ली, म्हणजेच लुइसा काइझर. जन्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर केव्हातरी, मृत्यू डिसेंबर १९२५ मध्ये. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातले झुडूप. त्याच्या काड्या हात आणि दात वापरून उभ्या चिरायच्या, सुतासारख्या बारीक करायच्या आणि गोल वेटोळ्यांवर टाके घालत टोपली चढवायची, हे तिचे काम. लाल रंगासाठी रेडबडची साल, काळ्यासाठी नेच्याची मुळी चिखलात पुरून. 'देगिकुप' नावाचा तिचा घाट लहान बुडापासून फुगत जातो आणि तोंडाशी पुन्हा आवळतो. तिची 'बीकन लाइट्स' ही टोपली १९१४ मध्ये एका संग्राहकाने १,४०० डॉलरला घेतली. नेवाडा राज्याने १९४५ मध्ये तिच्या वीस टोपल्या विकत घेतल्या.

कार्सन सिटीतील दुकानदार एब कोन आणि त्याची पत्नी एमी कोन यांनी तिला आश्रय दिला आणि तिच्या टोपल्या विकल्या. एमी कोनने प्रत्येक टोपलीची नोंदवही ठेवली, पत्रके छापली, व्याख्याने दिली. या मजकुरात लुइसा एका सरदाराची राजकन्या आहे, तिने बालपणी फ्रेमाँट या संशोधक-प्रवाशाला पाहिले आहे, देगिकुप हा तिच्या घराण्याचा प्राचीन विधींचा घाट आहे आणि त्यावरच्या प्रत्येक आकृतीत गूढ अर्थ भरलेला आहे. मार्व्हिन कोहोडास या कला-इतिहासकाराने १९७० च्या दशकापासून या सगळ्याची छाननी केली. त्यातून दिसले ते असे, की राजकन्या, विधी, गूढार्थ ही बहुतांशी एमी कोनची रचना होती, आणि देगिकुप हा घाट प्राचीन नव्हता. बाजारासाठी विणणाऱ्या लुइसा काइझरने तो आपल्या हयातीत, आपल्या कल्पनेने घडवला होता.

या छाननीने लुइसाची प्रतिष्ठा कमी झाली असे समजण्याचे कारण नाही. उलट, परंपरेचे भांडे वाहून आणणारी म्हातारी ही प्रतिमा गळून पडली आणि नवा घाट शोधणारी कलावंत समोर आली. एमी कोनची पत्रके आणि ट्वेनची प्रकरणे एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत असे मला वाटते. ट्वेन वर्तमानातले वॉशो पाहत नाही. एमी कोन एक वॉशो स्त्री रोज पाहते, पण तिला वर्तमानात राहू देत नाही. गिऱ्हाइकाला लुप्त होत चाललेले जग हवे असते, ते ती पुरवते.

कोन दांपत्य उन्हाळ्यात टाहोकाठी दुकान थाटत असे, आणि लुइसा तिथे प्रवाशांसमोर बसून विणत असे. छायाचित्रांतली ती धिप्पाड, गंभीर बाई उन्हाळ्यात सरोवरावर आणि हिवाळ्यात कार्सन खोऱ्यात आहे. म्हणजे एका दुकानदाराच्या सोयीने का होईना, ती आपल्या लोकांचेच वर्ष जगत होती. दुसरे अनेक वॉशोही हेच करत होते. शेतमळ्यांवर मजुरी, हॉटेलांत धुणीभांडी, आणि ऋतू आला की पाइनच्या डोंगरात. वहिवाट मोडलेली नव्हती, तिच्या वाटेवर कुंपणे आली होती.

६

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दहा वर्षांच्या अवधीत वॉशोंवर तीन पुस्तके आली. ती एकापुढे एक ठेवून वाचण्यासारखी आहेत.

पहिले जेम्स डाउन्सचे 'द टू वर्ल्ड्स ऑफ द वॉशो', १९६६. मासेमारी, वेचणी, शिकार या क्रमाने जुने जीवन समजावून देणारे हे छोटे पुस्तक आजही उपयोगी आहे, आणि वर मी सांगितलेल्या वर्षचक्राचा बराचसा तपशील त्यात आहे. माझा आक्षेप शीर्षकाला आहे. दोन जगे म्हटले की एक जुने, संपलेले, आणि दुसरे नवे, परक्याचे, अशी विभागणी होते. मग मधला माणूस कायमचा उंबरठ्यावर. पण आठवडाभर गवताच्या गंजी रचून रविवारी कुटुंबासह पाइनच्या डोंगरात जाणारा माणूस दोन जगांत राहत नाही. त्याचे जग एकच आहे. ते अवघड आहे, इतकेच.

दुसरी थॉमस सँचेझची कादंबरी 'रॅबिट बॉस', १९७३. सशांच्या हाक्याच्या म्होरक्याच्या नावावरून तिचे शीर्षक घेतलेले आहे. ती एका वॉशो घराण्याच्या चार पिढ्या सांगते आणि सुरुवात करते डॉनर तांड्यापासून. १८४६-४७ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाला निघालेले ऐंशीहून अधिक प्रवासी टाहोच्या उत्तरेला बर्फात अडकले, आणि जगण्यासाठी त्यांतील काहींनी मृतांचे मांस खाल्ले. अमेरिकेत ही कथा शेकडो वेळा सांगितली गेली, जणू त्या डोंगरात तांड्याखेरीज कोणीच नव्हते. सँचेझने ती एका वॉशो माणसाच्या डोळ्यांनी दाखवली. गोरी माणसे गोऱ्या माणसांना खाताना तो पाहतो. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची अदलाबदल करणारा हा प्रसंग विलक्षण ताकदीचा आहे.

या प्रसंगाला कल्पनेपलीकडचा आधारही आहे. तांड्यातल्या पॅट्रिक ब्रीनच्या रोजनिशीत फेब्रुवारी १८४७ च्या अखेरीस एक एकटा इंडियन येऊन कांद्यासारखे काही कंद देऊन गेल्याची नोंद आहे. वॉशोंच्या मौखिक परंपरेतही त्या हिवाळ्याची आठवण आहे. त्यांनी या लोकांना लांबून पाहिले, अन्न ठेवले, आणि काही कथनांनुसार त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हे डोंगरही रिकामे नव्हते. कादंबरीविषयी माझी तक्रार वेगळी आहे. तिची गती एका पिढीतून दुसरीत उतरणाऱ्या ऱ्हासाची आहे. शोकांतिकेला शेवटचा माणूस लागतो, आणि एकदा तो शेवटचा झाला की मागे उरलेल्यांना कथेत जागा राहत नाही.

तिसरे पुस्तक १९७६ चे, जो ॲन नेव्हर्स यांचे 'वा शी शू'. लेखिका स्वतः वॉशो. नेवाडातील जमातींच्या परिषदेने प्रसिद्ध केलेल्या जमातींच्या इतिहासमालेतले हे पुस्तक. त्यात सँचेझची भाषा नाही, डाउन्सची मांडणीची सफाईही नाही. पण या पुस्तकात कोणी शेवटचा नाही. शिष्टमंडळे जातात, परत येतात, अर्ज करतात, नकार मिळतो, पुन्हा अर्ज करतात. वाङ्मयीन दृष्टीने ही कंटाळवाणी सामग्री. मात्र ट्वेनपासून चालत आलेल्या रिकामेपणाला खरे उत्तर मला इथेच मिळाले, कारण पुन्हापुन्हा अर्ज करणारा माणूस हजर असल्याखेरीज अर्ज होत नाही.

७

शब्दांचा हा वाद केवळ साहित्यातला राहिला नाही. वॉशोंनी १९५१ मध्ये इंडियन दावे आयोगापुढे भरपाईचा दावा दाखल केला. आयोगाची कसोटी अशी, की अमुक भूमी अनादी काळापासून केवळ आपल्याच वापरात व ताब्यात होती हे जमातीने सिद्ध करावे. डोंगराच्या कडेला शेजाऱ्यांनाही वेचू देणाऱ्या, ओकच्या फळांसाठी पलीकडच्यांच्या हद्दीत जाणाऱ्या समाजाला ही कसोटी लावायची म्हणजे त्याच्या चांगुलपणाचाच पुरावा त्याच्याविरुद्ध वापरायचा. शिवाय मोबदला पैशात, जमीन परत नाही, आणि किंमत जमीन गेली त्या काळची. दावा ४ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा होता. १९७० मध्ये सुमारे ५० लाख मंजूर झाले.

टाहोच्या पूर्व काठावर एक प्रचंड कातळ आहे. नकाशावर त्याचे नाव केव्ह रॉक. वॉशोंसाठी ती वैद्य-मांत्रिकांची जागा, सामान्य माणसाने जवळ जाऊ नये अशी. १९३१ मध्ये महामार्गासाठी त्यातून बोगदा फोडला, १९५७ मध्ये दुसरा. पुढे तिथे कडे चढणारे येऊ लागले आणि त्यांनी कातळात खिळे ठोकले. वनखात्याने २००३ मध्ये चढाईला बंदी केली, आणि २००७ मध्ये अपील न्यायालयाने ती उचलून धरली. वॉशोंच्या बाजूने लागलेल्या मोजक्या निर्णयांपैकी हा एक. पण निर्णयाची भाषा वाचावी. जागा राखायची ती ऐतिहासिक आणि सांस्कृतिक ठेवा म्हणून. जिवंत श्रद्धेला थेट संरक्षण देणे कायद्याला अडचणीचे, म्हणून श्रद्धा इतिहासाच्या पोशाखात न्यायालयात आली. एमी कोनचे गिऱ्हाईक आणि न्यायालय यांची मागणी इतकी जुळावी, हे चमत्कारिक आहे.

वॉशो भाषेचे व्याकरण विल्यम जेकबसेन यांनी १९६४ च्या आपल्या प्रबंधात मांडले. त्या भाषेत क्रियापदाला लागणारे प्रत्यय काळाचे अंतर सांगतात. आजचा भूतकाळ वेगळा, त्याआधीचा वेगळा, बोलणाऱ्याच्या हयातीतला वेगळा आणि त्याच्या जन्माआधीचा वेगळा. डॉनर तांड्याची गोष्ट सांगताना ती आपण पाहिली की ऐकली, हे सांगणाऱ्याला व्याकरणातूनच दाखवता येते. मौखिक इतिहासाला सैल आणि अविश्वसनीय म्हणणाऱ्यांनी या व्यवस्थेचा विचार करावा. ही भाषा कार्सन सिटीजवळच्या स्टुअर्ट निवासी शाळेत, १८९० पासून पुढे कित्येक वर्षे, मुलांच्या तोंडून काढून टाकण्याचा प्रयत्न झाला. १९९० च्या दशकात ड्रेसलरव्हिलला जमातीने स्वतःची शाळा काढली. तिच्या नावाचा अर्थ 'जिथे वॉशो बोलतात ते घर'. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन टाहोवरच्या परिषदेला आले, तेव्हा वॉशोंचे म्हणणे मांडले गेले आणि सरोवरकाठच्या काही जागेचा वापर त्यांना पुन्हा मिळू लागला. मालकी नाही, वापर. म्हणजे पुन्हा वहिवाटच.

आज ग्रंथालयाच्या सूचीत 'वॉशो' हा शब्द शोधला तर एका चिंपांझीचीही पुस्तके निघतात. खुणांची भाषा शिकवलेल्या त्या प्रसिद्ध माकडिणीला नेवाडातील वॉशो परगण्याचे नाव १९६० च्या दशकात देण्यात आले. चांदी, परगणा, चिंपांझी. नाव सगळ्यांच्या उपयोगी पडले.

'रफिंग इट' वाचू नये असे माझे म्हणणे नाही. ट्वेनचे गद्य सोडून देण्याइतके आपण श्रीमंत नाही. ती दोन प्रकरणे वाचताना शेजारी वॉशोंचे वर्ष ठेवावे, एवढीच सूचना आहे. ट्वेन होडीतून खाली तळ पाहत असताना पूर्वेच्या डोंगरांत काठ्या चालत होत्या, निखाऱ्यांवर बिया भाजल्या जात होत्या आणि येत्या हिवाळ्याचा हिशेब बांधला जात होता. आणि आपण मराठीत या लोकांविषयी जेव्हा चार ओळी लिहू, तेव्हा 'भटके' हा शब्द खाली ठेवून 'वहिवाटदार' लिहून पाहावे. एका शब्दाने जमीन परत मिळत नाही. मात्र जमीन गेली ती आधी शब्दांत रिकामी झाली होती.